पाणी दाखवणारा मल्हारी

मल्हारीनं कॉलेजात मेंढी आणली होती, ही गोष्ट शंभर टक्के खरी. पण ती रसायनशास्त्राच्या वर्गात आणून बाकावर उभी केली होती, असं आमच्या बॅचचे लोक लग्नाकार्यात भेटले की अजून रंगवून सांगतात, ते साफ खोटं. मेंढी सायकल-स्टँडपर्यंतच आली होती. तिची दोरी माझ्या हातात होती आणि तिनं माझ्या नव्या ओढणीचा कोपरा चघळून टाकला होता. सांगणाऱ्यांपैकी एकही बाबा तिथं हजर नव्हता.

मल्हारी जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्या गमती तेवढ्या उरतात आणि बाकीचं लोक सोयीनं विसरतात. मला ते खपत नाही. मेंढीची गोष्ट सांगायची असेल तर पुढचीही सांगा, नाहीतर गप्प बसा. पुढची कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तो भोरखडीचा. जालना रोडनं करमाडकडं निघालं की कारखान्यांच्या भिंती संपतात, तिथून डावीकडं एक कच्चा रस्ता जायचा. त्याच्या टोकाला हे गाव. वडिलांची मेंढरं आणि थोडी मुरमाड जमीन. घरात कॉलेजपर्यंत आलेला हा पहिलाच. उंच, काटकुळा, केसांना तेल चोपडलेलं. पावसाळा असो नसो, हातात छत्री. ती छत्री तो कधी उघडायचा नाही. मानेमागून खांद्यांवर आडवी धरायचा आणि दोन्ही हात तिच्यावरून खाली सोडून चालायचा, रानात काठी धरतात तशी. कॉलेजच्या पॅसेजमधून असा चालत आला की पोरी भिंतीला चिकटायच्या. मुनीर म्हणायचा, "हटो, हटो, गलबत आया!"

मुनीर आमच्याच वर्गातला, शहरातला. त्याच्या अब्बांचं सायकलींचं दुकान होतं. तिसरा प्रल्हाद, तोही भोरखडीचाच, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. मल्हारी आणि प्रल्हाद पहिलीपासून एका बाकावर. चौथी मी, गुलमंडीतल्या कापड दुकानदाराची मुलगी. मी यांच्यात कशी पडले ते आधी सांगते, कारण मला काही समाजसेवेची हौस नव्हती.

आमच्या सरांनी एकदा सांगितलं, उद्या प्रॅक्टिकलला आपापल्या घरचं पाणी आणा. आम्ही सगळ्यांनी नळाचं आणलं. मल्हारीनं रॉकेलची बाटली धुऊन त्यात गावच्या नाल्याचं पाणी आणलं. कोऱ्या चहासारखा रंग, वर साय धरल्यासारखा तवंग. सरांनी त्यात कागद बुडवला, कागद लाल झाला. सर म्हणाले, "हे फार वाईट आहे." मल्हारी उभा राहिला.

"सर, एक ईचारू का? आमची मेंढरं ह्या पाण्याला दोन वर्सं झाली तोंड लावत नायत. तुमचा कागूद आज लाल झाला. मग मेंढराला आधी कसं कळलं?"

वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला तासानंतर थांबवून घेतलं आणि पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली दिली. अट एकच, बाटल्या फुटता कामा नयेत आणि नोंदी नीट ठेवायच्या. मल्हारीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. माझं बरं होतं. त्यानं सगळ्या वर्गासमोर मला विचारलं, "ताई, तुमी लिवाल का?" नाही म्हणायची सोय नव्हती.

अशी आमची चौघांची टोळी जमली. तिला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं. दर रविवारी मुनीरच्या दुकानातल्या सायकली काढायच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या गावांत जायचं. विहिरीविहिरीचं पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठी चिकटवायची, शाळा उघडायला लावून पोरांना चार गोष्टी सांगायच्या. तेव्हा शहराला कारखान्यांचं वेड लागलं होतं. ज्याच्या घरातलं एक पोरगं कंपनीत लागलं त्याच्या दारात स्कूटर यायची, आणि सकाळच्या भोंग्यावर अख्खी गावं घड्याळ लावायची. असल्या दिवसांत आम्ही नाल्याचा वास काढत हिंडायचो. लोक म्हणायचे, पोरांना उद्योग नाहीत.

मी शाळांसाठी तक्ते बनवायचे. रंगीत पेन्सिलींनी कारखाना, नाला, जमीन, झरे, विहीर असं सगळं काढलेलं. जीव ओतायचे त्यात. आणि लोक ते बघून जांभया द्यायचे. एका गावात तर एका म्हातारबाबांनी माझ्या तक्त्याला टेकून झोप काढली. परतताना मी तणतणत होते. मल्हारी म्हणाला, "ताई, तुमचं चित्र लई झ्याक हाय. पण त्यायला चित्रातल्या पाण्याचं काय? येत्या ऐतवारी हरणी आणतो."

हरणी म्हणजे त्याची मेंढी. तपकिरी तोंडाची, एक कान फाटका. पुढच्या रविवारी तिला खांद्यावर टाकून तो पुढच्या गावात आला. शाळेच्या अंगणात दोन बादल्या ठेवल्या, एक नाल्याकाठच्या विहिरीची, एक वरच्या मळ्यातली. हरणी पहिलीजवळ गेली, नाक खाली नेलं, फुर्र करून शिंकली आणि तोंड वळवलं. दुसरीतलं घटाघटा प्यायली. झालं! जांभया देणारी सगळी माणसं उभी राहिली. बायका पदर तोंडाला लावून म्हणायला लागल्या, "बया बया, आपुन हेच पितो की वं!" माझा तक्ता वाऱ्यानं उडून गेला होता, तो कुणी उचललासुद्धा नाही.

मल्हारी मात्र तिथंच त्यांना बजावायचा, "हिला वास कळतो, चव कळती. समदं इष कळत नाय. म्हणून ताईची बाटली. इश्वास बसाया हरणी, खातरी कराया ताई." मेंढीच्या पाठीमागं माझा नंबर लागलेला मला मुळीच आवडला नव्हता, पण तो खरं बोलत होता. त्याला फुगवून सांगता यायचंच नाही. एखाद्या विहिरीचं पाणी थोडंच खराब असलं तर तो "थोडंच" म्हणायचा. मुनीर वैतागायचा, "अरे मियाँ, जरा जोर से बोल, डराव लोगां कू!" मल्हारी म्हणायचा, "आज भेव दावून खोटं बोललो, तर उद्या खरं कोण ऐकल?"

सायकल-स्टँडचा किस्सा यातूनच झाला. सरांना हरणीची परीक्षा घ्यायची होती. पाच बादल्या, कुठली कशाची ते फक्त सरांना ठाऊक. हरणीनं पाचही नाकारल्या. सर बुचकळ्यात पडले. मग मल्हारीनं बादल्यांत नाक घातलं आणि म्हणाला, "सर, बादल्या नळाखाली धुतल्या काय? ब्लीचिंगचा वास हाय." मुनीर म्हणाला, "शाही मिजाज है इनका, नल का पानी नक्को बोलते." सरांनी त्या दिवशी चहा पाजला. आमच्या बॅचवाल्यांची गोष्ट इथं संपते.

आता नामांतराचं सांगायला हवं, कारण त्या वर्षांत ते बाजूला ठेवून इथलं काहीच सांगता येत नाही. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे आणि बदलू देणार नाही म्हणणारे, असे शहराचे दोन भाग झाले होते. भिंती घोषणांनी भरलेल्या. मोर्चा निघणार म्हटलं की गुलमंडीत शटरं अर्धी खाली यायची. आमच्या घरात चहाबरोबर विरोधातलं बोलणं चालायचं, आणि मी ते खाली मान घालून ऐकत चहा प्यायचे. हे मी लपवणार नाही. प्रल्हाद मोर्चांना जायचा. तो गेला की त्याचं जर्नल मल्हारी उतरवून ठेवायचा, त्या कोंबडीच्या अक्षरात. एकदा कुणीतरी मल्हारीला टोमणा मारला, "तुझा काय संबंध रे त्यांच्याशी?" मल्हारीनं शांतपणे विचारलं, "जर्नल तपासायला तुज्याकडं येनार हाय का?"

त्या उन्हाळ्यात आम्ही भोरखडीच्याच सात विहिरी तपासल्या. आपल्या गावाला मल्हारीनं शेवटी हात घातला होता, मला वाटतं थोडा घाबरूनच. निकाल वाईट आला. गावविहीर वाईट, मळ्यातल्या पाचही वाईट. नाल्याचं पाणी आतून सगळीकडं पोचलं होतं. एकच विहीर निर्मळ निघाली, टेकाडावरच्या बौद्ध वस्तीची.

ती विहीर वस्तीनं स्वतः खणली होती. प्रल्हादची आजी गयामाय तरुण होती तेव्हा. त्याआधी वस्तीतल्या बायका गावविहिरीपासून लांब घागरी ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. गयामायच्या नवऱ्यानं आणि इतरांनी दिवसा दुसऱ्यांच्या शेतात राबून उरलेल्या वेळात खडक फोडला आणि बायकांनी मलबा डोक्यावरून वाहिला. गयामायच्या टाळूवरचे केस टोपलीनं गेले ते परत आलेच नाहीत. सात पुरुष खोल विहीर. तिच्या काठावर ती रोज संध्याकाळी येऊन बसायची, देवळात बसावं तशी. आम्ही निकाल सांगायला गेलो तेव्हाही तिथंच होती.

"गयामाय, समद्या गावात चोख पाणी तुजं निघालं," मल्हारी म्हणाला. आनंदानं त्याला धड उभं राहता येत नव्हतं.

"मला म्हाईत हाय. तुला कुणी ईचारलं व्हतं?"

"आता गावाला दावायचं. पारावर बादल्या मांडतो, हरणीला आणतो."

तिनं तंबाखू मळायची थांबवली. "नगं, लेकरा. बाटलीच बरी हाय. बाटलीला तोंड नसतंय. तुला कळलं, मला कळलं, बास झालं की."

"आन् गावातली लेकरं? ती तेच पाणी पिऊ लागली ना, माय."

ती पुन्हा तंबाखू मळायला लागली. प्रल्हाद बोलला. तो एरवी कमी बोलायचा, पण त्या दिवशी त्याचे डोळे चमकत होते. "आजी, येऊ दे की त्यांना. तू उभी राहायचीस ना खाली, घागर घेऊन? आता त्यांच्या बाया उभ्या राहतील. एकदा तरी मागू दे त्यांना आपल्याकडं. आपण नाही म्हणणार नाही, पण मागू तर दे."

मल्हारी जोरजोरात मान हलवत होता. दोघांचं एकच स्वप्न होतं, पहिलीपासून एका बाकावर बसून पाहिलेलं. गयामायनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"मागनार न्हाईत ते," ती म्हणाली. "घेतील."

मला तेव्हा वाटलं, म्हातारी कडवट झालीये. आयुष्यभर सोसलं की माणसाचा कशावर विश्वास राहत नाही. मी वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

रविवारी पारावर सात बादल्या मांडल्या. अख्खा गाव लोटला. सरपंच खुर्ची टाकून बसले. त्यांचा भाऊ कंपनीला कामगार पुरवायचा. मल्हारीनं हरणीला सोडलं. पहिली बादली, शिंक. दुसरी, शिंक. लोक नाव घ्यायला लागले, ही गावविहीर, ही पाटलाची, ही मळ्याची. सातव्या बादलीशी हरणी थांबली, डोकं आत घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. "वस्तीची!" एक पोरगं ओरडलं.

मल्हारी पारावर चढला. त्याला भाषण येत नव्हतं, तो चढला आणि बोलला. "कारखान्याचं पानी आत मुरलंय. समद्यांनी मिळून कारखान्यावर जाऊ. नाला बंद झाला तर दोन-चार वर्सांत आपल्या हिरी परत चांगल्या व्हतील, सर म्हनले. तवर वस्ती पानी देईल. गयामायला ईचारा, ती नाय म्हननार नाय." सरपंच त्याच्याकडं बघतच नव्हते. ते सातव्या बादलीकडं बघत होते.

पुढचे आठ दिवस मात्र मल्हारीचे होते. गावातल्या बायका खरंच वस्तीवर गेल्या. खाली घागरी घेऊन उभ्या राहिल्या, आणि गयामाय पोहऱ्यानं शेंदून वरून ओतत राहिली. सोमवारी मल्हारीनं आम्हाला गुलमंडीत भजी खाऊ घातली. स्वतः मात्र हातातलं भजं तसंच धरून बोलत राहिला. "ताई, पाटलीणबाई खाली हुबी व्हती. घागर लागली तिच्या पायाला. गयामाय म्हनली, सावकास घे बाई, पानी लई हाय." मी त्याला त्याआधी आणि त्यानंतर कधी इतकं खूश बघितलं नाही.

नवव्या दिवशी शहरात मोठा मोर्चा झाला. वस्तीतली झाडून सगळी तरणी पोरं त्यात गेली. त्याच दिवशी कुठं एसटीवर दगड पडला, कुठं दुकान फुटलं, आणि बातम्या गावात पोचेस्तोवर दसपट झाल्या. पारावर बोलणं सुरू झालं, आमच्याच गावात राहून आमच्या विद्यापीठाचं नाव बदलणार, आणि पाण्यासाठी आम्ही यांच्या दारात उभं राहायचं? कारखान्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. भाऊ, मुलगा, जावई तिथं कामाला. वस्तीला हात लावायला काही लागत नव्हतं. पंचायतीनं ठराव केला की टेकाडावरची विहीर सार्वजनिक आहे. मोटार बसली, पाइप आला, पाणी गावच्या टाकीत चढायला लागलं. वस्तीनं गावाचं भरून झाल्यावर भरावं. गयामाय काठावर बसून राहिली होती, तिला दोघांनी बखोटीला धरून बाजूला ठेवलं.

वस्तीनं तक्रार केली. मग त्यांची शेतातली कामं बंद झाली, गिरणीत दळण बंद झालं, दुकानदार मीठसुद्धा देईना.

मल्हारीनं त्या दिवसांत काय काय केलं त्याला गणती नाही. ठरावाच्या बैठकीत उभा राहून भांडला, तिथं त्याच्या चुलत्यानंच त्याला थोबाडीत मारली. बापानं सांगितलं, आपली मेंढरं गायरानात चरायची असतील तर तोंड बंद ठेव. अर्ज घेऊन तो तहसिलीत गेला, मुनीरला घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेला. पहारेकऱ्यानं अर्ज घेतला आणि खिशात घातला.

आणि मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं. चावडीसमोर उभा राहून म्हणाला, "माझी चूक झाली. वस्तीचं पानी लई खराब हाय. बाटल्यांची अदलाबदल झाली व्हती."

सरपंच हसले. "आरं, बाटलीचं कोन ईचारतंय? मेंढी प्याली की. समद्या गावानं बघितलं. मेंढी खोटं बोलती व्हय?" सगळी चावडी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दुकानात आला. वडील गल्ल्यावर होते. तो पायरीखालीच उभा राहिला. चेहऱ्याची रया गेली होती.

"ताई, एक कागूद लिवून द्या. कॉलेजचा शिक्का असलेला. वस्तीच्या पान्यात इष हाय, असा."

"पण नाहीये, मल्हारी."

"मला म्हाईत हाय नाय ते. लिवा ना. कागूद बघून मोटार काढतील. बाया घाबरतील, पानी भरनार नायत. मग हीर परत त्यायची त्यायला."

"खोटा रिपोर्ट? सरांच्या नावानं? आणि उद्या दुसऱ्या गावात आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? हे तूच म्हणायचास ना?"

तो माझ्याकडं बघत राहिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "व्हय," तो म्हणाला, "मीच म्हनायचो." आणि वळून निघून गेला. वडिलांनी विचारलं, कोण होता तो? मी म्हटलं, वर्गातला.

मी बरोबर होते. आजही मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, रिपोर्ट खोटा लिहायचा नसतो. पण त्या कागदानं खरंच मोटार निघाली असती का, हा विचार मला इतक्या वर्षांत एक दिवस सोडत नाही. भांडी घासताना येतो, देवापुढं हात जोडताना येतो. बरोबर असण्याचं मला काडीचं सुख मिळालेलं नाही. मला माझाच संताप येतो, आणि मग त्या वीस वर्षांच्या पोरीची दयाही येते, कारण तिला खरंच वाटत होतं की ती खऱ्याची बाजू घेतेय.

आठवड्याभरानं भर दुपारी वस्तीतल्या कडब्याच्या गंजी पेटल्या. दोन छपरं गेली. मोटार चालू होती, पाणी गावच्या टाकीकडं जात होतं आणि विझवायला वस्तीत घागरभर नव्हतं. आग कुणी लावली ते कुणीच सांगितलं नाही. पावसाळ्याआधी वस्ती उठली. ट्रकमध्ये भांडीकुंडी, दारं, पत्रे, कोंबड्या घालून माणसं शहरात रेल्वेलाइनच्या कडेला येऊन राहिली. प्रल्हादनं मला नंतर सांगितलं, निघताना गयामाय विहिरीपाशी गेली आणि तिनं आपला पोहरा दोरासकट आत सोडून दिला. मल्हारी रस्त्यात उभा होता. ती त्याच्या अंगावरून गेली, बघितलं नाही.

आमची टोळी तिथंच मोडली. मल्हारीनं कॉलेज सोडलं. बापाशी भांडून घर सोडलं. हरणीचं काय झालं ते मी विचारलं नाही. मुनीर दुकानात बसायला लागला. माझं लग्न झालं, शहरातच. प्रल्हाद शिकला, सरकारी कचेरीत कारकून झाला. तो कधीमधी रस्त्यात भेटायचा. मी मल्हारीचं विचारलं की म्हणायचा, "आहे, इथंच आहे," आणि विषय बदलायचा.

पुढं बऱ्याच वर्षांनी एकदाचं विद्यापीठाचं नाव बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन रेल्वेलाइनच्या वस्तीत गेले. घरी सांगितलं नव्हतं. तिथं निळे झेंडे लागले होते, रात्रभर नाचून पोरांचे आवाज बसले होते, अंगणाअंगणात गुलाल. प्रल्हादनं मला बघितलं आणि गर्दीतून वाट काढत तो पुढं आला. मी पेढा त्याच्या हातावर ठेवला. "आजी आहे का?" म्हटलं. "आहे. थोडं थांब, ताई," तो म्हणाला. "आत्ता तो येईल."

कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळापासून एक माणूस दोन घागरी घेऊन येत होता, एक खांद्यावर, एक हातात. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगात कंपनीच्या गोदामातला निळा सदरा. मल्हारी. तो मला बघून थबकला, मग तसाच पुढं गेला. गयामायच्या उंबऱ्याशी घागरी टेकवल्या आणि चार पावलं मागं सरून उभा राहिला. गयामाय आतून आली. पार वाकली होती. तिनं एक घागर दोन्ही हातांनी कलती केली आणि सगळं पाणी दारासमोरच्या मातीत ओतून दिलं. मग घरातली आपली कळशी घेऊन काठी टेकत ती स्वतः नळाच्या रांगेकडं निघाली.

"रोजचं आहे," प्रल्हाद माझ्या कानाशी म्हणाला. "इथं आलो त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. तो पलीकडच्या चाळीत खोली घेऊन राहतो. ड्यूटीच्या आधी दोन घागरी आणतो. ती दोन्ही ओतते. मी दोघांनाही सांगून थकलो. मी आजीला म्हटलं, गावाला पाणी दाखवा असं मीही म्हणालो होतो, तरी माझ्या हातचं पितेस ना? ती म्हणाली, तू माझा हायेस."

मी मल्हारीजवळ गेले. पेढा पुढं केला, त्यानं घेतला आणि मुठीत धरला. मला त्या कागदाबद्दल बोलायचं होतं. वर्षानुवर्षं पाठ केलेली वाक्यं होती माझ्याकडं. एकही तोंडातून निघालं नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर उंबऱ्यावर होती. तिथं दुसरी घागर होती, गळ्यापर्यंत भरलेली, तशीच.

"ताई," तो हळूच म्हणाला, कुणी ऐकलं तर मोडेल अशा आवाजात, "आज तिनं येकच ओतली."